फोंडा-पणजी बसमधल्या कंडक्टरची स्ट्रिप: चित्र आवडतं, मग हसू का येत नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही फोंड्याला राहता, पणजीत बँकेत नोकरी करता. जाता-येता खासगी बसमध्ये जे दिसतं त्यावर, एका कंडक्टरला नायक करून, चार चौकटींची स्ट्रिप, म्हणजे विनोदी चित्रपट्टी, काढायला घेतली आहे. आठवड्याला एक, इन्स्टाग्रामवर. काही भाग टाकून झाले. ओळखीचे लोक 'चित्र झकास' म्हणतात, पण हसत कोणी नाही. त्याशिवाय चार उपप्रश्न: टॅब्लेट घ्यावा का, मराठी अक्षरं संगणकावर फुटतात त्याचं काय करायचं, पात्रांनी मराठी बोलावं की कोंकणी, आणि राजकारणाला हात घालावा का.

दैनिकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी बरीच वर्षं हे काम करत आलोय, त्या बळावर सांगतो. हसू का येत नाही हाच खरा प्रश्न. टॅब्लेट वगैरे नंतर बघू.

तुमचा हात चांगला आहे. बसच्या काचेवरची देवाची तसबीर, तिला लटकवलेला सुकलेला हार, नोटा उभ्या दुमडून बोटांच्या फटीत अडकवलेला कंडक्टरचा हात, हे सगळं बघून काढलेलं आहे, आठवून नाही. पण तुम्ही आधी चित्र काढता आणि मग उरलेल्या जागेत बोलणं कोंबता, हे प्रत्येक भागात दिसतं. स्ट्रिप आधी लिहावी लागते. चित्र बरं जमणाऱ्या माणसाला हे पटायला जड जातं, कारण त्याला कागद दिसला की पेन्सिल उचलायचीच घाई होते.

तुमचीच एक स्ट्रिप घेतो. पहिल्या चौकटीत बस बाणस्तारीला थांबते, कंडक्टर ओरडतो, "फुडें वचात, फुडें जागो आसा!" दुसऱ्या चौकटीत आत गर्दी, एक मासळीवाली म्हणते की जागा कुठे आहे, कंडक्टर म्हणतो आहे ना. तिसऱ्या चौकटीत गर्दी आणखी वाढते आणि सगळेच बोलतात. चौथीत ड्रायव्हर पार काचेला चिकटलाय आणि म्हणतो, "अरे, इतकी माणसं भरलीस तर आता गाडी मी कशी चालवणार?"

कल्पना उत्तम आहे. ड्रायव्हर काचेला चिकटलाय हे चित्र स्वतःच हसवणारं आहे. पण त्याने तोंड उघडून विनोदाचा अर्थ सांगितला, आणि वाचकाला करायला काही उरलंच नाही. स्ट्रिपमध्ये हसू दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या फटीत असतं. तिथे काय घडलं ते वाचक स्वतः जुळवतो आणि जुळलं की हसतो. तुम्ही जुळवून दिलंत की तो फक्त मान डोलावतो, आणि 'चित्र झकास' म्हणतो.

आता हीच पुन्हा लिहू. पहिली चौकट: बसच्या मागच्या दारातून आत पाहिल्यासारखं दृश्य, कंडक्टर पाठमोरा, "फुडें वचात, फुडें जागो आसा!" दुसरी: तेच दृश्य, तोच कोन, माणसं थोडी पुढे सरकलेली, पुन्हा तेच वाक्य. मासळीवालीचं बोलणं काढून टाका, फक्त तिची पाटी लोकांच्या डोक्यांवर गेलेली दाखवा. तिसरी: पुन्हा तोच कोन, पण एकही शब्द नाही. फक्त माणसं, गच्च. चौथी: आता कोन बदला. समोरून, काचेच्या बाहेरून. ड्रायव्हरचा गाल काचेवर चपटा झालाय, आणि गर्दीतून फक्त कंडक्टरचा हात त्याच्या खांद्यापर्यंत आलाय. एकच शब्द: "तिकेट?"

काय बदललं ते बघा. ड्रायव्हरची तक्रार गेली आणि कंडक्टरचा स्वभाव आला. त्या माणसाला जगात फक्त उतारू दिसतात, ड्रायव्हरसुद्धा. ही एकच गोष्ट वाचकाला कळली की पुढच्या शंभर स्ट्रिपा तुम्हाला मोकळ्या. नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी पोरं नरकासुराचा सांगाडा बसमध्ये घालायला आली तर तो त्याचं पुरं तिकीट मागेल की अर्धं? चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या मांडवीचं) सामान घेऊन अख्खं कुटुंब चढलं तर नारळाच्या घडाला वेगळी सीट? विनोद शोधायला बाहेर जावं लागत नाही. स्वभाव पक्का असला की फक्त त्याला कुठेतरी नेऊन उभं करायचं.

दुसरी गोष्ट, कोन. तुम्ही चारही चौकटींत वेगवेगळे कोन घेता, वरून, खालून, खिडकीतून. सिनेमा बघून आलेली सवय आहे ही. प्रत्येक वेळी कोन बदलला की वाचकाचा पहिला अर्धा क्षण 'आपण आता कुठे आहोत' हे समजण्यात जातो. तीन चौकटी जिथल्या तिथे ठेवा, आत एकच गोष्ट हलू द्या. मग चौथीचा धक्का बसतो.

लिहिण्याचा क्रम मी असा ठेवतो: शेवटची चौकट आधी. ती नसेल तर बाकीच्या तीन काढायला बसतच नाही. मग एका ओळीला एक चौकट, अशा चार ओळी कुठल्याही चिटोऱ्यावर. मग प्रत्येक ओळीतला एक-एक शब्द उडवून बघायचा. अर्थ टिकला तर शब्द गेला. मग पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटींत काड्यांची माणसं. या आकारात जो विनोद कळत नाही तो मोठ्या कागदावर, शाईत, रंगातही कळणार नाही. रँडल मन्रो २००५पासून 'एक्सकेसीडी' नावाची ऑनलाइन स्ट्रिप काढतात, त्यात माणसं शेवटपर्यंत काड्यांचीच असतात आणि जगभर वाचली जाते. तुमचा हात त्याहून कितीतरी तयार आहे, पण वाचक हाताकडे नंतर बघतो.

लिखाण एकट्याने जमत नसेल तर जोडीदार शोधा. 'चिंटू' १९९१ साली 'सकाळ'मध्ये सुरू झाली ती चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या दोघांची मिळून. फोंड्यात नाटकवाल्यांची काही वाण नाही. जत्रेच्या नाटकात विनोदी काम करणारा एखादा मित्र पकडा आणि त्याला तुमच्या चार ओळी मोठ्याने वाचायला लावा. तो कुठे अडखळतो तिथे शब्द जास्त झालेत. चित्रकाराला हे कागदावर दिसत नाही, नटाला जिभेवर कळतं.

पात्रं कमी ठेवा. कंडक्टर, ड्रायव्हर, मासळीवाली, आणि रोज त्याच सीटवर बसणारी एक शिक्षिका. कॅसिनोत रात्रपाळी करून सकाळी झोपून परत येणारा पोरगा हवा तर पाचवा. बस. प्रत्येकाला काहीतरी एक हवं असू दे: कंडक्टरला बस भरायची आहे, ड्रायव्हरला कोणी बोललेलं नको आहे, शिक्षिकेला सुटे पैसे परत हवे आहेत. पात्रांच्या आकृत्या आतून काळ्या भरून बघा. नुसत्या सावलीवरून कोण ते ओळखू येत नसेल तर आकार बदला. मग एका मोठ्या कागदावर प्रत्येकजण समोरून, बाजूने, मागून काढा, एकमेकांशेजारी उभा करा आणि तो कागद टेबलासमोर लावा. तुमच्या तिसऱ्या भागात ड्रायव्हर कंडक्टरहून उंच आहे आणि चौथ्यात बुटका, ते यानेच थांबेल.

आता मारियोंबद्दल. गोव्यात कोणी पेन उचललं की त्याच्या कागदावर व्यंगचित्रकार मारियो मिरांडा येऊन बसतात. लोटली गावच्या त्या माणसाने गोवा असा काही काढून ठेवलाय की बाल्कांव (घरापुढचा बैठकीचा सोपा), पोदेर (पाववाला), ठिपक्यांच्या झग्यातली बाई हे आपल्याला मारियोंच्याच रेषेत दिसतं. कपांवर, फरशांवर, भिंतींवर तेच. तुमच्या गर्दीतही त्यांचे टपोरे डोळे आलेत. आदर म्हणून ठीक, पण स्ट्रिपसाठी त्यात एक अडचण आहे. मारियोंचं गर्दीचं चित्र माणसाने थांबून, कोपरा-कोपरा बघत राहावं असं रचलेलं असतं. कुठे कुत्रा, कुठे खिडकीतली म्हातारी, नजर हिंडत राहते. स्ट्रिपला नजर पुढे न्यायची असते. चौकटीत जितकं बघण्यासारखं भराल तितका वाचक तिथे रेंगाळेल आणि चौथीला उशिरा पोचेल. मारियोंकडून घ्यायचं तर रेष घेऊ नका, सवय घ्या: तरुणपणापासून ते रोजच्या माणसांची चित्रं डायरीत काढत गेले. तुमच्याकडे रोज जाऊन-येऊन बसप्रवास आहे, यापेक्षा चांगली शाळा नाही. फक्त खऱ्या कंडक्टरचा चेहरा जसाच्या तसा उचलू नका. दोन-तीन जणांचे नाक-डोळे-पोट एकत्र करा. रोज त्याच बसने जायचंय तुम्हाला.

शब्दांशिवाय विनोद कसा उभा राहतो हे पाहायचं असेल तर हास्यचित्रकार शि. द. फडणीसांची चित्रं उघडून बसा. तुमच्या तिसऱ्या, मुक्या चौकटीचा अभ्यास तिथे होईल.

मराठी की कोंकणी? माझं मत स्पष्ट आहे: जो जसं बोलतो तसं त्याला बोलू द्या. फोंडा-पणजी बसमध्ये कंडक्टर कोंकणीत ओरडतो, शिक्षिका त्याला मराठीत झापते, पर्यटक हिंदीत विचारतो, बांधकामावरचे मजूर आपसांत कन्नडमध्ये बोलतात, आणि कोणालाच काही वेगळं वाटत नाही. हीच तुमच्या स्ट्रिपची खरी श्रीमंती. सगळ्यांना प्रमाण मराठीत घातलंत तर बस पुण्याची होईल. कंडक्टरच्या तोंडी "पुढे सरका, पुढे जागा आहे" घालून बघा, तो सरकारी नोकर वाटायला लागेल. पुण्या-मुंबईच्या वाचकाला 'फुडें वचात' कळणार नाही अशी भीती असेल तर सोडून द्या. चित्रात माणसं पुढे सरकतायत, त्याला कळतं. खाली कंसात अर्थ तर अजिबात देऊ नका. निवेदनाची पट्टी मात्र मराठीतच ठेवा, म्हणजे घर कुठलं ते स्पष्ट राहतं. या दोन भाषांवरून इथे जुने वाद आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. स्ट्रिपने त्यात बाजू घेतली की निम्मे वाचक विनोद वाचायच्या आधी बाजू वाचतील.

अक्षरांचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि लोक त्याला सगळ्यात शेवटी हात लावतात. आपली शिरोरेषा म्हणजे संवादाच्या फुग्यात ओढलेली एक जाड आडवी रेघ असते. छापील फाँटची ती रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ, आणि शेजारी तुमची हाताने काढलेली, थरथरती, जिवंत रेष. दोन्ही भांडतात. तुमच्या चित्रात फुगे कापून चिकटवल्यासारखे दिसतात ते म्हणून. हाताने लिहा. शिरोरेषा किंचित डुगडुगली तरी चालेल, ज्या पेनने चित्र काढलंय त्याच्याच जवळपासच्या जाडीने लिहा. अक्षर वळणदार नसलं तरी बिघडत नाही, सारखं असलं पाहिजे. फिकट पेन्सिलने ओळी आखून घ्या, आणि इंग्रजीपेक्षा दोन ओळींत जास्त अंतर सोडा, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. आपल्याकडे मोठी लिपी-छोटी लिपी नाही, त्यामुळे ओरडणं दाखवायला जाडी आणि आकार एवढंच हाताशी आहे. म्हणून नेहमीचं बोलणं बारीक ठेवा. सगळंच ठळक लिहिलंत तर कंडक्टर ओरडला हे कळणार कसं?

चौकट आखली की आधी अक्षरं लिहा, मग त्याभोवती फुगा, मग उरलेल्या जागेत माणसं. आणि जो आधी बोलतो तो डावीकडे उभा करा. तुमच्या दुसऱ्या भागात आधी बोलणारी मासळीवाली उजवीकडे आहे, म्हणून फुग्यांच्या शेपट्या एकमेकांना छेदतात आणि उत्तर आधी, प्रश्न नंतर वाचला जातो.

संगणकावरच लिहायचं असेल तर अक्षरं फुटण्याचं कारण समजून घ्या. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी टाइप होते व्यंजनानंतर पण दिसायला हवी त्याच्या आधी, आणि जोडाक्षरं जुळवावी लागतात. हे जुळवण्याचं काम सॉफ्टवेअरमधला एक वेगळा भाग करतो. तो नसला किंवा बंद असला की 'तिकीट'ची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये 'टाइप'खाली दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा पर्याय निवडावा लागतो, मग बंद करून पुन्हा उघडावं लागतं. फुकटात हवं असेल तर इंकस्केप हे सॉफ्टवेअर वापरा, तिथे देवनागरी नीट उमटते. फुगे तिथे करून चित्रावर आणून ठेवायचे. फाँटमध्ये हस्ताक्षराच्या जवळ जाणारा 'कलम' आहे, गोलमटोल हवा तर 'बालू', साधा हवा तर 'मुक्ता'. तिन्ही मोफत आणि खुल्या परवान्याचे, त्यामुळे पुढे पुस्तक छापलं तरी कोणाला विचारावं लागत नाही. कुठलाही फाँट घेतलात तरी त्याचे 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत का ते बघून घ्या. बऱ्याच फाँटमध्ये हिंदी वळण येतं आणि मराठी डोळ्याला ते खुपतं.

टॅब्लेट आत्ता घेऊ नका. स्ट्रिप आठवड्याला एक, चार चौकटी. त्याला कागद, पेन आणि स्कॅनर पुरतो. ए-फोर कागद, पाण्याने न फुटणाऱ्या शाईचे बारीक-मध्यम दोन पेन, काळे भाग भरायला एक ब्रश पेन. कच्चं फिकट निळ्या पेन्सिलने काढलंत तर खोडायची गरज नाही. रंगीत स्कॅन करून त्यातला फक्त निळ्या रंगाचा थर (चॅनेल) ठेवला की ती रेष जवळपास नाहीशी होते. स्कॅन ६०० डीपीआयला करा. पडद्यासाठी एवढं लागत नाही, पण उद्या छापायची वेळ आली तर रेषांच्या कामाला ते लागतंच, आणि पुन्हा स्कॅन करायला मूळ कागद शिल्लक असेलच असं नाही.

तो असेलच असं का नाही, तर आपला पाऊस. जूनपासून कागद दमट होतो, शाई रेषेच्या बाहेर पाय पसरते, वाळायला वेळ घेते, आणि ऑगस्टपर्यंत कपाटातल्या चित्रांवर बुरशीचे ठिपके येतात. पावसाळ्यात जाड, गुळगुळीत कागद वापरा, वापरायच्या आधी थोडा वेळ दिव्याखाली ठेवा, आणि पूर्ण झालेली चित्रं सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरा. लोखंडी कपाट नको. हा त्रास फारच झाला, किंवा रंग भरायला रात्री जागावं लागायला लागलं, तर टॅब्लेटचा विचार करा. तेव्हासुद्धा आधी बिनपडद्याचा, संगणकाला जोडायचा साधा पेन टॅब्लेट घ्या. हात इथे आणि नजर पडद्यावर, हे जमायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरा. सॉफ्टवेअर म्हणून क्रिटा मोफत आहे आणि या कामाला भरपूर आहे.

मापांचं सांगतो. चार्ल्स शुल्झ यांची 'पीनट्स' ही अमेरिकी स्ट्रिप २ ऑक्टोबर १९५० ला सुरू झाली आणि १३ फेब्रुवारी २००० पर्यंत चालली, १७,८९७ स्ट्रिपा, सगळ्या त्यांच्या हातच्या. पण मला इथे सांगायचंय ते वेगळं. सुरुवातीला ती वर्तमानपत्रांना 'जागा वाचवणारी स्ट्रिप' म्हणून विकली गेली: चार सारख्या मापाच्या चौकटी, संपादकाने आडव्या लावाव्या, उभ्या लावाव्या, नाहीतर दोनावर दोन. शुल्झना ही अट जाच वाटे. पण आज फोनसाठी काढणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काही नाही. तुम्हीही चारही चौकटी एकाच मापाच्या काढा. तीच स्ट्रिप इन्स्टाग्रामवर एकेक चौकट सरकवत दाखवता येते, दोनावर दोन रचून व्हॉट्सॲपवर जाते, आणि उद्या कोणी छापली तर आडवी लागते. सध्या तुम्ही आडवी पट्टी एकाच चित्रात टाकता. फोन उभा, पट्टी आडवी, प्रत्येक चौकट बोटाच्या नखाएवढी दिसते.

इन्स्टाग्रामला १०८० बाय १३५० पिक्सेल घ्या. एका पोस्टमध्ये अनेक चित्रं सरकवत बघता येतात, तेव्हा एका चौकटीला एक चित्र. याचा एक फायदा कागदावर कधीच नव्हता: चौथी चौकट वाचकाला आधी दिसतच नाही. कागदावर नजर पळून शेवट बघून येते. इथे त्याला बोट सरकवावंच लागतं. मुकी तिसरी चौकट इथे दुप्पट काम करते. १०८० रुंदीवर शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची ३० पिक्सेलच्या खाली जाऊ देऊ नका. हातातल्या फोनवर ती जेमतेम दोन मिलिमीटर भरते. खरी परीक्षा तुमच्याच बसमध्ये घ्या, उभ्याने, एका हाताने दांडा धरून. वाचता आलं तर ठीक.

आपल्याकडे स्ट्रिप खरी फिरते ती व्हॉट्सॲपवर, गावाच्या, शाळेच्या, देवळाच्या समितीच्या ग्रुपांवर. तिथे चित्र दाबून लहान केलं जातं आणि बारीक रेषांभोवती मळकट कडा येतात. म्हणून व्हॉट्सॲपसाठी दोनावर दोनची वेगळी प्रत करा, रेष थोडी जाड ठेवा, सपाट रंग तीन-चारच वापरा. फाइल पीएनजीमध्ये साठवा, जेपीईजी रेषांच्या कामाला वाईट. सही आणि स्ट्रिपचं नाव चौकटीच्या आत, चित्राला बिलगून घाला. कडेच्या पांढऱ्या पट्टीत घातलेलं नाव पहिल्याच फॉरवर्डमध्ये कापलं जातं. आणि संवाद पोस्टच्या मजकुरात युनिकोडमध्ये टाइप करून ठेवा. शोधणाऱ्याला सापडतं, आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन ते वाचून दाखवतो.

आठवड्याला एक हा वेग नोकरी सांभाळून बरोबर आहे, रोजच्याच्या मागे लागू नका. पण पुढच्या दोन महिन्यांच्या स्ट्रिपा हातात तयार असल्याशिवाय जाहीर करू नका की दर अमक्या वारी. मार्चअखेरीला बँकेत तुमचं काय होतं ते मला माहीत आहे. चवथीला सरळ सुट्टी घ्या, तशी पाटी बसला लावल्याचं चित्र टाका. वेळेवर अवलंबून असलेले विषय आधीच काढून ठेवता येतात: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मासळीवाली पाटीत काय घेऊन चढेल? सुकी मासळी आणि तिच्या वासाने आपोआप रिकामी झालेली बस. तेव्हा कंडक्टरला पहिल्यांदाच जागाच जागा मिळेल आणि तो रडकुंडीला येईल. ही स्ट्रिप एप्रिलमध्ये काढून ठेवा.

राजकारण. टाळू नका, पण बातमीच्या मागे धावूही नका. इथे १० जुलै २०१९ ला एका पक्षाचे दहा आमदार एकदम दुसऱ्यात गेले, १४ सप्टेंबर २०२२ ला आठ. त्यांची नावं घालून काढलेलं चित्र आठवड्यात शिळं होतं, आणि तुमच्या स्ट्रिपमध्ये आमदार बसने प्रवास करतो यावर विश्वास कोण ठेवणार? पण 'पणजी' पाटी लावून निघालेली बस जुन्या गोव्याला पाटी बदलून 'मडगाव' करते, आणि आत बसलेल्या उतारूंना कंडक्टर म्हणतो, "तुमीं बसात, सीट तीच आसा", ही स्ट्रिप दहा वर्षांनीही चालेल. गोव्यात मतदारसंघ लहान, सगळे सगळ्यांना ओळखतात. इथे अप्रत्यक्ष बोललेलं अधिक लागतं. तियात्राच्या, म्हणजे कोंकणी नाटकाच्या, कांतारांत (गाण्यांत) हे पिढ्यान्पिढ्या चाललंय.

कायद्याचं थोडं माहीत असू द्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ, ज्याखाली समाजमाध्यमांवरच्या मजकुरासाठी लोकांना अटक होत असे, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. म्हणून रान मोकळं असं मात्र नाही. भारतीय न्याय संहितेत बदनामीसाठी कलम ३५६ आहे, धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्यासाठी २९९, गटागटांत वैर पसरवण्यासाठी १९६. खरा माणूस ओळखू येईल असा काढून त्याच्यावर गुन्ह्याचा आळ घालणं, आणि देव, ख्रिस्ती सायब, पीर यांना विनोदात ओढणं, या दोन जागी हात आवरलात तर बसच्या स्ट्रिपला फारसा धोका नाही. बँकेच्या कामाशी, ग्राहकांशी जोडता येईल असं काहीही नको, हे वेगळं सांगायला नको.

शेवटी तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. स्ट्रिप जरा चालली की विचारणा होईल: कोणी वर्तमानपत्रवाला 'नाव देऊ, पैसे नाहीत' म्हणेल, कळंगुटचा दुकानदार टी-शर्टवर कंडक्टर छापू म्हणेल. प्रताधिकार चित्र काढलं त्या क्षणापासून तुमचा असतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो तुमच्या हयातीनंतरही ६० वर्षं टिकतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर संपूर्ण भारत. म्हणून 'सगळे हक्क दिले' अशा वाक्यावर सही करू नका. कुठली स्ट्रिप, कुठे, किती काळ, कशावर छापायची ते लिहून घ्या, आणि कंडक्टर या पात्रावरचा हक्क तुमच्याकडेच राहील असं एक वाक्य हट्टाने घाला. पैसे घ्यायच्या आधी तुमच्या नोकरीच्या सेवाशर्ती वाचा. परवानगी लागत असेल तर ती पहिल्या धनादेशाच्या आधी, लेखी घ्या.